कॅनडात पीआरची वाट पाहताना व्हिजिटर मुक्काम वाढवायचा कसा: पावलांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

लग्नानंतर व्हिजिटर व्हिसावर कॅनडात आलेल्या जोडीदारांच्या बाबतीत एकच गफलत पुन्हा पुन्हा होते. नवऱ्याने किंवा बायकोने स्पॉन्सरशिपचा, म्हणजे जोडीदाराला पीआर (कायमस्वरूपी रहिवास) मिळवून देण्याचा, अर्ज केला, शुल्क भरले, अर्ज पोर्टलवर चढला, की घरातले सगळे निर्धास्त होतात. पासपोर्टवरच्या शिक्क्याकडे मग कुणाचे लक्ष जात नाही. सहा महिने उलटतात आणि वर्क परमिटचा अर्ज भरायला बसल्यावर कळते की मुक्कामाची मुदत केव्हाच संपली आहे.

पीआरचा अर्ज प्रलंबित असला म्हणून कॅनडात राहण्याची परवानगी मिळत नाही. ती परवानगी, म्हणजे टेम्पररी रेसिडेंट स्टेटस, वेगळ्या अर्जाने, वेगळे शुल्क भरून आणि वेगळ्या तारखेच्या आत राखावी लागते. या लेखातली सगळी पावले या एका गोष्टीसाठी आहेत.

लेख कुणासाठी आहे? स्पॉन्सर कॅनडाचा नागरिक किंवा पीआरधारक आहे, अर्जदाराकडे भारतीय पासपोर्ट आहे, तो व्हिजिटर म्हणून आत आला आहे आणि दोघे एकाच घरात राहतात, अशा जोडप्यांसाठी. क्युबेकमध्ये स्पॉन्सरशिपला प्रांताची स्वतंत्र पायरी असते; तिथे राहणाऱ्यांनी प्रांताचे नियम वेगळे पाहावेत.

## टप्पा १: मुक्कामाची खरी शेवटची तारीख शोधा

अर्जदाराच्या हातात तीन तारखा असतात आणि बहुतेक लोक चुकीची तारीख धरून चालतात.

पहिली तारीख व्हिसाची. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसावर दहा वर्षांपुढची तारीख असली, तरी ती फक्त कॅनडाच्या दारापर्यंत येण्याची मुदत आहे. आत किती दिवस राहायचे, हे ती सांगत नाही.

दुसरी तारीख मुक्कामाची. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने शिक्क्याजवळ हाताने तारीख लिहिली असेल, तर तीच शेवटची. काहीच लिहिले नसेल, तर आत आल्याच्या दिवसापासून सहा महिने. शिक्काच मारला नसेल तरीही सहा महिनेच धरायचे. मात्र अशा वेळी बोर्डिंग पास आणि तिकीट जपून ठेवा, कारण आल्याचा दिवस दाखवायला हाताशी तेवढेच असते. प्रवेशाच्या वेळी अधिकाऱ्याने ‘व्हिजिटर रेकॉर्ड’ नावाचा कागद दिला असेल, तर त्यावर छापलेली तारीख पाळा.

तिसरी तारीख पासपोर्टची. मुदतवाढ पासपोर्टच्या तारखेपलीकडे दिली जात नाही. पासपोर्ट पाच महिन्यांत संपत असेल, तर तुम्ही वर्षभराची मुदत मागा किंवा दोन वर्षांची, मिळतील पाचच महिने. म्हणून ज्यांचे निघणे अजून व्हायचे आहे, त्यांनी पासपोर्टची दोन वर्षांहून कमी मुदत उरली असेल तर गावी असतानाच नूतनीकरण करून घ्यावे. कॅनडात पोहोचल्यावर हेच काम भारतीय वकिलातीमार्फत करावे लागते आणि त्यात आठवडे जातात.

मोजणी करताना एक दिवस मागेच धरा. १० मार्चला आत आलात तर ९ सप्टेंबर ही शेवटची तारीख समजा. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, दोघांच्या फोनमध्ये घाला आणि तिच्या ९० दिवस, ४५ दिवस व ३० दिवस आधीची आठवण लावा.

तपासा: व्हिसावरची तारीख, शिक्क्याची तारीख आणि पासपोर्टची तारीख एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या का? यांतली शिक्क्याची तारीख हा या कामाचा पाया आहे.

## टप्पा २: पीआरचा अर्ज कोणत्या वर्गात आहे ते समजून घ्या

बोलण्यात आपण कॅनडात एकत्र राहून करायच्या अर्जाला ‘इनलँड’ आणि बाहेरून करायच्या समजल्या जाणाऱ्या अर्जाला ‘आउटलँड’ म्हणतो. कॅनडात राहून आउटलँड अर्ज करता येत नाही, असा समज आपल्याकडे खोल रुजला आहे. तो चुकीचा आहे. व्हिजिटर म्हणून कॅनडात राहणाऱ्यालाही आउटलँड, म्हणजे फॅमिली क्लासमध्ये, अर्ज करता येतो.

मुक्कामाच्या दृष्टीने दोन फरक महत्त्वाचे आहेत. इनलँडमध्ये जोडप्याने कॅनडात एकत्र राहणे ही अट आहे. मध्येच भारतात गेलात आणि परत प्रवेश मिळाला नाही, तर अर्जच धोक्यात येतो. आउटलँडमध्ये असे बंधन नाही. दुसरे, आउटलँड अर्ज नाकारला गेला तर स्पॉन्सरला अपील करता येते. इनलँडमध्ये तो मार्ग नसतो. घरी आईवडिलांचे आजारपण किंवा सख्ख्या भावंडाचे लग्न यांसाठी मध्ये जावे लागण्याची शक्यता असेल, तर वर्ग निवडतानाच याचा विचार करा. नंतर वर्ग बदलायचा म्हणजे जुना अर्ज मागे घेऊन नव्याने अर्ज करायचा.

व्हिजिटर म्हणून राहायची मुदतवाढ दोन्ही वर्गांत सारखीच लागते.

## टप्पा ३: आधी कोणता अर्ज करायचा ते ठरवा

ओपन वर्क परमिटचा, म्हणजे कोणत्याही एका मालकाशी न बांधलेल्या कामाच्या परवान्याचा, अर्ज दोन्ही वर्गांतल्या जोडीदारांना करता येतो, पण त्यासाठी पीआर अर्जाची पोच, म्हणजे एओआर, हातात लागते. अर्ज सबमिट केल्याचा ईमेल म्हणजे एओआर नव्हे. अर्ज पूर्ण आहे असे पाहून, अर्ज क्रमांकासह जे पत्र येते ते एओआर. दोघांचा पत्ता एकच असणेही आवश्यक आहे. त्याशिवाय अर्जदाराचे स्टेटस चालू असावे, किंवा ते परत मिळवण्याचा अर्ज मुदतीत केलेला असावा.

यावरून तीन परिस्थिती उभ्या राहतात.

एओआर आला आहे आणि मुक्कामाची तारीख अजून पुढे आहे. सरळ ओपन वर्क परमिटचा अर्ज करा. शुल्क परमिटचे १५५ आणि ओपन परमिटचे १००, असे मिळून २५५ कॅनेडियन डॉलर. अर्ज मूळ तारखेच्या आत गेला, तर निर्णय होईपर्यंत व्हिजिटर म्हणून थांबता येते. काम मात्र परमिट हाती आल्यावरच.

एओआर आलेला नाही आणि तारखेला दोन महिन्यांहून कमी उरले आहेत. आधी व्हिजिटर मुदतवाढीचा अर्ज करा. शुल्क माणशी १०० डॉलर. एओआर येईल म्हणून थांबू नका. तो काही आठवड्यांत येतो, कधी बराच लांबतो, आणि त्याच्या वेळेवर तुमचा ताबा नाही. शंभर डॉलर वाचवण्याच्या नादात स्टेटस घालवणे ही नेहमीची चूक आहे.

एओआर नाही, पण तारखेला चार-पाच महिने आहेत. थांबा, पण कागद जमवायला घ्या. तारखेच्या ४५ दिवस आधीपर्यंत एओआर आला तर पहिली वाट, नाही आला तर दुसरी.

सावधान: मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित असताना मूळ तारीख उलटली आणि त्यानंतर तुम्ही वर्क परमिटचा दुसरा अर्ज टाकला, तर तो दुसरा अर्ज पहिल्याच्या आधारावर उभा असतो. पहिला नाकारला गेला की त्या दिवशी स्टेटस संपते आणि दुसराही त्याच्याबरोबर पडतो. एओआर तारखेच्या आत आला, तर मुदतवाढीचा अर्ज आधीच टाकलेला असला तरी वर्क परमिटचा अर्जही मूळ तारखेच्या आतच टाका. आणि पहिला अर्ज ‘नुसती औपचारिकता’ समजून घाईने भरू नका.

## टप्पा ४: कागद जमवा

ही मुदतवाढ लग्न खरे आहे हे सिद्ध करण्यासाठी नसते. ते काम पीआरच्या फाइलमध्ये झालेले आहे. इथे अधिकाऱ्याला चार गोष्टी हव्या असतात: तुम्ही कोण, आजपर्यंत नियमात राहिलात का, आणखी का थांबायचे आहे, आणि तोवर खर्च कोण करणार. हळदीपासून वरातीपर्यंतचे फोटो इथे जोडू नका. त्यांच्या ढिगात कामाचे कागद दडून जातात.

जमवायचे ते असे:

- पासपोर्टचे माहितीचे पान, व्हिसा आणि शिक्का असलेले प्रत्येक पान. शेवटचे पत्त्याचे पानही घ्या.
- एओआर. तो नसेल तर पीआर अर्ज सबमिट केल्याची पोच आणि शुल्काची पावती.
- विवाह नोंदणीचा दाखला.
- स्पॉन्सरच्या पीआर कार्डाच्या दोन्ही बाजू किंवा नागरिकत्वाचा दाखला अथवा कॅनडाचा पासपोर्ट.
- स्पॉन्सरच्या नोकरीचे पत्र, शेवटच्या तीन पगाराच्या पावत्या, तीन-चार महिन्यांचे बँक स्टेटमेंट आणि कॅनडाच्या करखात्याकडून आलेली शेवटची नोटीस ऑफ असेसमेंट.
- घरभाड्याचा करार किंवा घराची कागदपत्रे. करारात अर्जदाराचे नाव नसेल तर घरमालकाचे दोन ओळींचे पत्र.
- व्हिजिटर आरोग्य विम्याची पॉलिसी, असल्यास.
- डिजिटल फोटो.
- स्पष्टीकरणाचे पत्र (पुढचा टप्पा).

मुदतवाढीसाठी बँकेत अमुक इतकी रक्कम हवी, असा ठरीव आकडा नाही. घरखर्च कसा चालतो हे दिसले पाहिजे. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक मोठी रक्कम जमा झाली असेल, तर ती कुठून आली हे पत्रात एका ओळीत लिहा. भारतातून वडिलांनी पाठवली असेल तर तसे लिहा आणि पाठवल्याची पावती जोडा. न सांगितलेली रक्कम उसनी आणलेली दिसते.

### मराठी दाखल्यांचे भाषांतर

ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेकडून मिळालेला विवाहाचा दाखला अनेकदा पूर्ण मराठीत असतो. द्विभाषिक असला तरी गोल शिक्का, निबंधकाचे पद आणि हाताने भरलेला मजकूर मराठीतच असतो. इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेला प्रत्येक शब्द, शिक्क्यांसकट, भाषांतरात यावा लागतो. भाषांतरकार कॅनडातल्या संस्थेकडून प्रमाणित नसेल, तर त्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. अपलोड करताना मूळ दाखला, भाषांतर आणि प्रतिज्ञापत्र एकाच पीडीएफमध्ये, याच क्रमाने ठेवा.

नात्यातल्या माणसाने केलेले भाषांतर चालत नाही. काका वकील असोत, मावशी इंग्रजीच्या प्राध्यापक असोत किंवा चुलतभाऊ स्वतः भाषांतरकार असो, तरीही नाही.

### नावांचा घोळ

आपल्या नावांमुळे अर्ज अडकण्याचे प्रमाण मोठे आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

मुलीच्या पासपोर्टवर बहुधा स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असते. विवाहाच्या दाखल्यावर नवऱ्याचे नाव मधे आणि सासरचे आडनाव शेवटी येते. काही घरांत लग्नात पहिले नावही बदलतात. आधार कार्डावर एक, बँकेत दुसरे, पासपोर्टवर तिसरे. कॅनडाच्या अर्जात पासपोर्टवर जसे छापले आहे अगदी तसेच नाव भरा, ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात वडिलांच्या नावासकट. ‘आणखी कोणते नाव वापरले आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणा आणि लग्नानंतरचे नाव तिथे द्या. पीआरच्या फॉर्ममध्ये जी नावे दिली तीच इथेही यायला हवीत.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर गिव्हन नेममधले पूर्ण नाव फॉर्मच्या आडनावाच्या रकान्यात भरा आणि गिव्हन नेमचा रकाना रिकामा ठेवा.

तपासा: पीआर अर्जाची प्रत समोर ठेवून नाव, जन्मतारीख, लग्नाची तारीख, पत्ता आणि नोकरीचा इतिहास ओळीने ताडून पाहिला का? दोन फॉर्ममध्ये दोन तारखा दिसल्या, तर अधिकाऱ्याला खोट्या माहितीचा संशय येतो. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर पाच वर्षे कॅनडाचे दार बंद होते.

## टप्पा ५: स्पष्टीकरणाचे पत्र लिहा

सगळ्या कागदांत हे पत्र सर्वांत जास्त वाचले जाते, आणि लोक तेच सर्वांत कमी वेळात लिहितात. इंग्रजीत, एक पान, फार तर दीड. भावना थोड्या, माहिती नेमकी.

पहिल्या परिच्छेदात पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, कोणत्या तारखेला कोणत्या विमानतळावर आत आलात, मुक्कामाची सध्याची तारीख आणि कोणत्या तारखेपर्यंत मुदत हवी. तारीख नेमकी द्या. ‘पीआर मिळेपर्यंत’ असे लिहू नका, कारण अधिकाऱ्याला कागदावर एक तारीख छापायची असते. वर्षभरापर्यंतची मागणी करायला हरकत नाही. कमी मिळू शकते. सहा महिने मिळाले तर पुन्हा अर्ज करता येतो.

दुसऱ्यात कारण. स्पॉन्सर कोण, लग्न कधी झाले, पीआरचा अर्ज कोणत्या वर्गात आणि कोणत्या तारखेला केला, अर्ज क्रमांक काय.

तिसऱ्यात सर्वांत नाजूक भाग. कायमचे राहायचा अर्ज करणारा माणूस तात्पुरता पाहुणा कसा, असा प्रश्न अधिकाऱ्याला पडू शकतो. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यातले कलम २२(२) याचे उत्तर देते. दिलेल्या मुदतीअखेर परत जाण्याची तयारी आहे हे अधिकाऱ्याला पटले, तर केवळ पीआर होण्याचा हेतू आहे म्हणून तात्पुरते स्टेटस नाकारले जात नाही. म्हणून पत्रात स्पष्ट लिहा की पीआर नाकारली गेली आणि राहण्याची अन्य परवानगी नसेल, तर मुदत संपण्याआधी कॅनडा सोडीन. या वाक्याला आधार म्हणून भारतात काय आहे तेही सांगा: आईवडील, घर, रजेवर असलेली नोकरी. नसलेली नोकरी लिहू नका.

चौथ्यात खर्च. कुठे राहता, भाडे कोण भरते, स्पॉन्सरचा पगार किती, विमा आहे का. नाव वेगवेगळे असेल तर त्याची एक ओळ इथेच.

व्हिसा काढताना ‘दोन आठवडे फिरायला’ असे लिहिले होते आणि आता मुक्काम वाढवायचा आहे, हा अनेकांचा अडचणीचा मुद्दा असतो. तो टाळू नका. आल्यावर एकत्र राहण्याचा निर्णय कसा झाला आणि स्पॉन्सरशिपचा अर्ज केव्हा केला, हे खरे तसे दोन वाक्यांत सांगा. जुना अर्ज अधिकाऱ्यासमोर असतोच.

शेवटी जोडलेल्या कागदांची यादी द्या, फाइलच्या क्रमानेच.

## टप्पा ६: फॉर्म भरा

फॉर्म आयएमएम ५७०८. हा पीडीएफ मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये नीट उघडत नाही, ‘थांबा’ असा संदेश दाखवतो. तो संगणकावर उतरवून घ्या आणि अडोबी रीडरमध्ये उघडा. संकेतस्थळाने तुम्हाला फॉर्मऐवजी थेट पोर्टलवरची प्रश्नमाला दिली, तर प्रश्न जवळपास तेच असतात.

चुका होतात त्या जागा:

अर्जाचा प्रकार. मुदत चालू असेल तर ‘व्हिजिटर म्हणून मुक्काम वाढवणे’ हा पर्याय. ‘रिस्टोरेशन’ हा पर्याय मुदत संपलेल्यांसाठी आहे. तो चुकून निवडला तर शुल्कही वेगळे लागते आणि स्टेटस गेल्याची कबुली दिल्यासारखे होते.

पहिला प्रवेश आणि शेवटचा प्रवेश. पूर्वी कधी कॅनडात येऊन गेला असाल तर या दोन तारखा वेगळ्या. पहिलाच प्रवास असेल तर दोन्हीकडे तीच तारीख.

वैवाहिक स्थिती. ‘विवाहित’. व्हिसा काढताना अविवाहित होतात, तर तारखेत ते दिसेलच.

मुदत ‘पासून–पर्यंत’. ‘पर्यंत’ची तारीख पत्रातल्या तारखेशी जुळली पाहिजे आणि पासपोर्टच्या तारखेच्या आत असली पाहिजे.

पार्श्वभूमीचे प्रश्न. पूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का, या प्रश्नात अमेरिकेने किंवा ब्रिटनने नाकारलेला व्हिसाही येतो. विद्यार्थी असताना नाकारला गेला असेल, तोही. ‘हो’ म्हणून दोन ओळीत तपशील दिला की बहुधा काही बिघडत नाही. ‘नाही’ म्हटले आणि तो सापडला तर प्रकरण खोट्या माहितीचे होते.

शेवटी ‘व्हॅलिडेट’ बटण दाबा. काही राहिले असेल तर लाल चौकटी दिसतात. सगळे भरले की बारकोडचे पान तयार होते. ते आले नाही तर फॉर्म अपुरा आहे.

मुले बरोबर असतील तर प्रत्येकाचा वेगळा फॉर्म आणि वेगळे शुल्क.

## टप्पा ७: अपलोड, शुल्क, सबमिट

मुदतवाढीचे खाते आणि पीआरचे पोर्टल ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. पीआर पोर्टलमध्ये मुदतवाढीचा पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका. तात्पुरत्या अर्जांसाठी ‘जीसीकी’चे (कॅनडा सरकारच्या ऑनलाइन सेवांच्या लॉगिनचे) खाते उघडा. ते अर्जदाराच्या स्वतःच्या ईमेलवर असावे आणि पासवर्ड दोघांनाही माहीत असावा. मध्यस्थाच्या ईमेलवर उघडलेले खाते नंतर हाती लागत नाही, आणि नकाराचे पत्र महिनाभर न वाचता पडून राहते.

प्रत्येक रकान्यात एकच फाइल जाते आणि तिची मर्यादा ४ एमबी असते. म्हणून पासपोर्टची सगळी पाने एका पीडीएफमध्ये, आर्थिक कागद दुसऱ्यात. मोबाइलने काढलेले फोटो थेट पीडीएफ केले तर फाइल फुगते. स्कॅनिंगच्या अ‍ॅपमध्ये कृष्णधवल आणि मध्यम दर्जा ठेवला की मर्यादेत बसते आणि अक्षरही वाचता येते. एओआर, विवाहाचा दाखला, स्पॉन्सरचे कागद यांना स्वतंत्र रकाना नसेल, तर ते स्पष्टीकरणाच्या पत्रामागे जोडून ‘क्लायंट इन्फर्मेशन’च्या रकान्यात टाका.

बायोमेट्रिक्स दहा वर्षे चालतात. व्हिसासाठी मुंबईत किंवा पुण्यात ठसे दिले असतील, तर या अर्जासाठी सहसा पुन्हा लागत नाहीत. तसे असताना प्रश्नाच्या उत्तरात चूक होऊन ८५ डॉलरचे शुल्क लागलेले दिसले, तर पैसे भरण्याआधी मागे जाऊन उत्तर तपासा.

मुदतीच्या किमान ३० दिवस आधी अर्ज करावा, असे इमिग्रेशन खाते सांगते. शेवटच्या रात्रीपर्यंत अर्ज करता येतो हे खरे, पण कार्ड नाकारले जाते, संकेतस्थळ देखभालीसाठी बंद असते, फाइल चढत नाही. ४५ ते ३० दिवस आधीचे दोन आठवडे या कामासाठी ठेवा.

तपासा: सबमिट केल्यावर खात्यात पोचपत्र आणि शुल्काची पावती आली का? दोन्ही उतरवून घ्या, छापा, पासपोर्टसोबत ठेवा. निर्णय येईपर्यंत ‘मी मुदतीत अर्ज केला होता’ हे दाखवायला तेवढाच पुरावा आहे.

## टप्पा ८: वाट पाहताना

अर्ज मुदतीत गेला असेल, तर शिक्क्याची तारीख उलटल्यावरही निर्णय येईपर्यंत तुम्ही कायदेशीररीत्या कॅनडात असता. याला ‘मेंटेन्ड स्टेटस’ म्हणतात. त्याला वेगळा कागद नसतो.

ते टिकते फक्त कॅनडाच्या आत असेपर्यंत. विमानात बसलात की संपले. परत येताना तुम्ही नव्याने प्रवेश मागणारे पाहुणे असता. व्हिसा चालू असला तरी आत घ्यायचे की नाही आणि किती दिवसांसाठी, हे अधिकारी ठरवतो. मुदतवाढ मंजूर होऊन व्हिजिटर रेकॉर्ड हाती आले, तरी ते व्हिसाचे काम करत नाही. व्हिसा संपलेला असेल आणि भारतात गेलात, तर नवा व्हिसा काढूनच परत यावे लागेल. ‘अमेरिकेच्या सीमेवर जाऊन परत या, नवे सहा महिने मिळतात’ हा सल्ला बराच फिरतो. त्याची खात्री कुणीच देत नाही. शिवाय भारतीयाला अमेरिकेत शिरायला तिथला व्हिसा लागतो आणि इनलँड अर्जदार त्यात पीआरचा अर्जही पणाला लावतो.

काम करू नका. ओळखीच्या रेस्टॉरंटमध्ये शनिवार-रविवार, शेजाऱ्याची मुले सांभाळून रोख पैसे, घरगुती डब्यांचा व्यवसाय, हे सगळे काम आहे. सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यासक्रम मात्र स्टडी परमिटशिवाय करता येतो.

वैद्यकीय तपासणीचे पत्र येऊ शकते, कारण सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांसाठी ती लागणाऱ्या देशांत भारत आहे. तपासणी नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच होते. पीआरसाठी ती आधी झाली असेल, तर तिचा क्रमांक कळवा.

पत्ता बदलला, पासपोर्ट नवा काढला किंवा मूल झाले, तर मुदतवाढीच्या आणि पीआरच्या दोन्ही फाइलींवर कळवा. एकीवर कळवले म्हणजे दुसरीवर आपोआप जात नाही.

विमा संपण्याआधी वाढवा. प्रांताची आरोग्यसेवा सर्वसाधारण व्हिजिटरला मिळत नाही, आणि खंड पडल्यावर घेतलेल्या नव्या पॉलिसीत मधला आजार ‘आधीचा’ ठरतो.

## टप्पा ९: निर्णय आल्यावर

मंजूर झाली तर व्हिजिटर रेकॉर्डवरची तारीख वाचा. मागितली तेवढीच मिळाली असे गृहीत धरू नका. टप्पा १ मधल्या आठवणी पुसून नव्या तारखेच्या लावा. एओआर आला की या नव्या तारखेच्या आत वर्क परमिटचा अर्ज करा.

नाकारली गेली आणि मूळ तारीख उलटून गेली असेल, तर नकाराच्या दिवसापासून स्टेटस संपले. इथून ९० दिवसांची खिडकी असते. त्यात स्टेटस परत मिळवण्याचा, म्हणजे रिस्टोरेशनचा अर्ज करता येतो. अर्ज अजिबातच केला नव्हता आणि मुदत संपून गेली, तर ९० दिवस त्या मुदतीच्या तारखेपासून मोजा. शुल्क साध्या मुदतवाढीच्या दुपटीहून जास्त आहे. आकडा बदलत राहतो, म्हणून भरताना संकेतस्थळावर पाहा. नकाराच्या पत्रातले कारण समोर ठेवून पत्र नव्याने लिहा. तेच कागद पुन्हा पाठवले तर उत्तरही तेच येते.

एओआर हातात असेल तर रिस्टोरेशन आणि ओपन वर्क परमिट एकत्र मागता येते, फॉर्म आयएमएम ५७१० वर, दोन्हींचे शुल्क भरून. रिस्टोरेशनचा अर्ज प्रलंबित असताना मेंटेन्ड स्टेटस मिळत नाही आणि काम करता येत नाही.

९० दिवसही गेले असतील, तर स्वतःच्या हिमतीवर फॉर्म भरू नका. मुदत उलटून राहिलेल्या जोडीदारांच्या इनलँड अर्जांचा विचार करण्याचे धोरण कॅनडाकडे आहे, त्यामुळे तेवढ्याने पीआरची आशा संपत नाही. पण वर्क परमिटची वाट बंद होते, देशाबाहेर पडणे धोक्याचे होते आणि हद्दपारीची कारवाई सुरू होऊ शकते. हा वकिलाकडे किंवा परवानाधारक सल्लागाराकडे नेण्याचा मामला आहे. सल्लागाराचे नाव कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत आधी शोधा. पुण्यातला किंवा ब्रॅम्प्टनमधला ‘सगळे करून देतो’ म्हणणारा एजंट त्या यादीत नसेल, तर त्याला पैसे घेऊन तुमच्या वतीने अर्ज करण्याचा अधिकार नाही. त्याने भरलेल्या प्रत्येक चुकीच्या ओळीची जबाबदारी मात्र अर्जदाराची.

पीआर मंजुरीच्या टोकाला पोर्टलवरून पुष्टी होते, तेव्हा तुम्ही प्रत्यक्ष कॅनडात आहात का असे विचारतात. भारतात असताना ‘हो’ असे उत्तर देऊ नका. ही पुष्टी होऊन पीआर मिळेपर्यंत व्हिजिटर किंवा वर्क परमिटची तारीख पाळावीच लागते. ‘आता कधीही मंजुरी येईल’ असे वाटत असताना मुदत संपत आली असेल, तरी मुदतवाढीचा अर्ज टाका.